न पडताच तडकलेली काच

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून निघालेला आहे. गॉगल डबीत, मऊ कापडात, कपाटात. सहा महिने कुणी हात लावलेला नाही. डबी उघडली तर उजव्या काचेत, काडीच्या बाजूला, केसासारखी चीर. पडला नाही, आपटला नाही, मग तडकला कसा? आणि घरात पहिला संशय जातो तो पोरांवर. त्यांची सुटका आधी करू या.

धातूच्या फ्रेमच्या जुन्या, जमवण्याजोग्या गॉगलांमध्ये दोन घराणी आपल्याकडे जास्त दिसतात. एक रे-बॅनचे एव्हिएटर: बॉश अँड लॉम्बच्या काळातले, खऱ्या काचेचे. ती कंपनी १९९९ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली आणि रे-बॅन लक्सोटिकाकडे गेलं. आपल्याकडे राजस्थानात भिवाडीला त्यांचा कारखाना होता, त्यामुळे बऱ्याच घरांत वडिलांचा किंवा काकांचा एखादा गॉगल निघतोच. दुसरं घराणं ओकलीचं 'एक्स मेटल': १९९७ चा रोमिओ, १९९९ चा ज्युलिएट. फ्रेम टायटॅनियमच्या मिश्रधातूची आणि काच? आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिक. ब्राझीलमध्ये फंक संगीताच्या पोरांनी ज्युलिएटला डोक्यावर घेतलं आणि नकलांचा पूर आला. त्या नकली काचा आपल्या गोष्टीत पुढे येणार आहेत.

ही दोन घराणी वेगवेगळ्या कारणांनी तडकतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर नुकसान होतं.

आधी प्लास्टिकची काच. पॉलिकार्बोनेट दणकट असतं. हातोडी मारली तरी सहसा फुटत नाही. मग डबीत पडल्यापडल्या का तडकावं? कारण त्याला धक्का सोसतो, पण सततची ओढ सोसत नाही. धातूच्या रिमला एका जागी काप असतो आणि एक छोटा स्क्रू तो काप मिटवून काचेला धरून ठेवतो. काच सगळीकडून सारखी दाबली गेली तर काही बिघडत नाही. पण ती किंचित मोठी असेल, तर काप मिटत नाही, मग बसवणारा स्क्रू आणखी आवळतो, आणि सगळा जोर कापाजवळच्या टोकावर येतो. एका जागी चिमटा बसला की शेजारच्या भागात ओढ निर्माण होते. ही ओढ रात्रंदिवस चालू राहते. कडेला कापताना राहिलेली बारीकशी खाच असेल तर चीर तिथूनच निघते. बाहेरून घेतलेल्या बदली काचांमध्ये हे जास्त होतं, कारण त्यांचं माप क्वचितच अगदी बरोबर असतं.

यात उन्हाची भर. पॉलिकार्बोनेट तापल्यावर टायटॅनियमच्या सात-आठ पट पसरतं. ६० मिलिमीटर रुंदीची काच ४० अंशांनी तापली तर साधारण ०.१६ मिलिमीटर वाढते. धातू तेवढ्यात ०.०२ च्या आसपास. म्हणजे मे महिन्यात नागपूरला, हैदराबादला, बडोद्याला गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला गॉगल स्वतःच स्वतःचा स्क्रू आवळत असतो असं समजा.

आणि आता खरा गुन्हेगार, ज्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं: रसायन. ओढ असलेल्या पॉलिकार्बोनेटला काही द्रव लागले की ते फार थोड्या वेळात, कधी डोळ्यांदेखत, चिरा टाकतं. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल. अमोनिया असलेला खिडक्या पुसायचा स्प्रेही त्याचं नुकसान करतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण स्क्रू सैल होऊ नये म्हणून त्याच्या आट्यांवर जो लॉकिंगचा द्रव लावतात, तोसुद्धा याच यादीत आहे. तो केशनळीसारखा आत ओढला जातो आणि काचेच्या कडेला जाऊन बसतो. नेमका तिथे, जिथे ओढ सर्वांत जास्त. घरगुती उपाय म्हणून स्क्रूवर नेलपॉलिश लावणारेही आहेत. त्यातही तीच जातकुळी: विरघळवणारा द्रव. धातूच्या फ्रेमला खऱ्या काचा असतील तर हे चालून जातं. पॉलिकार्बोनेट असेल तर लावूच नका. स्क्रू सैल होत असेल तर तो बदला.

आता एक गंमत दाखवतो. लॅपटॉपच्या पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडलं आहे. समोर हा पोलराइज्ड गॉगल धरतो आणि हळूहळू फिरवतो. बघा, एका कोनात पडदा काळा झाला. तो कोन तसाच ठेवायचा आणि मधे आपला ज्युलिएट आणायचा. दिसले रंग? पॉलिकार्बोनेटमध्ये साच्यातून आलेले थोडे रंग असतातच, ते सगळीकडे पसरलेले, मंद. पण या कापाजवळ पट्टे दाटीने उभे आहेत, इंद्रधनुष्य चेपून ठेवल्यासारखे. तिथे चिमटा आहे. आता स्क्रू पाव फेरा सैल करतो... पट्टे विरळ झाले. चीर पडायच्या आधी हे कळतं, आणि पैसा लागत नाही. तपासायची काच स्वतःच पोलराइज्ड असेल तर मात्र हा प्रयोग चालत नाही, कारण तिच्या आतली पट्टीच सगळा खेळ बिघडवते.

काच मोठीच असेल तर ती बाहेर काढून कड बारीक पॉलिश पेपरवर पाणी लावून घासायची, थोडी थोडी, पुन्हा बसवून बघत. काप जोर न लावता मिटला पाहिजे आणि बोटाने ढकलल्यावर काच रिममध्ये फिरता कामा नये.

हाच उपाय एव्हिएटरला करायला जाल तर संपलं. अमेरिकेत १९७२ पासून चष्म्याच्या आणि गॉगलच्या काचांना धक्क्याची चाचणी लागू आहे: १६ मिलिमीटरचा पोलादी गोळा १२७ सेंटिमीटरवरून टाकायचा, काच फुटता कामा नये. म्हणून काच टेम्पर केलेली असते, म्हणजे तिच्या पृष्ठभागावर दाब कोंडलेला असतो. कड घासली की हा थर जातो, आणि काच कमजोर होते किंवा हातातच फुटते. काच आधी कापायची, मग टेम्पर करायची, हा क्रम उलटा होत नाही. नाक्यावरचा चष्मेवाला 'थोडी घासून बसवतो, दादा' म्हणाला तर गॉगल परत घ्या.

खऱ्या काचेला उन्हाचा त्रास कमी, कारण धातू तिच्यापेक्षा जास्त किंवा तिच्याइतकाच पसरतो. तिथे बहुतेक वेळा टवका उडतो, तोही स्क्रूच्या आसपास, धातूची दोन टोकं जिथे जवळ येतात तिथे. जुन्या अमेरिकी काचांवर बिजागरीजवळ अगदी बारीक 'बीएल' कोरलेलं असतं, आणि टवका नेमका त्याच भागात उडतो. अक्षरं गेली की संग्रहातली किंमतही बरीच जाते. १९९९ नंतरच्या बदली काचेवर 'आरबी' असतं. घालायला उत्तम, पण जाणकार ग्राहक पहिल्यांदा तेच बघतो.

वरच्या आरशासारख्या लेपाला पडलेलं जाळं म्हणजे तडा नव्हे. नखाला लागत नाही, कडेपासून सुरू होत नाही. ते उष्णतेचं काम. दिसायला वाईट, पण काच शाबूत असते.

चीर भरून मिळते का, असं बरेच जण विचारतात. नाही. फेव्हिक्विकची वाफ काचेवर पांढरी बुरशी बसल्यासारखी दिसते आणि चीर पुढे जायची ती जातेच. मूळ काचा काढून डबीत जपा, विकताना सोबत द्या, आणि घालायला योग्य मापाच्या काचा बसवा. तडा गेलेल्या काचेने दुचाकी चालवू नका. समोरून उडालेला खडा त्या चिरेवर बसला तर तुकडे डोळ्याकडे येतात, आणि तिथे गॉगलच्या किमतीचा प्रश्न उरत नाही.

आणि ऑनलाइन जुना ज्युलिएट घेणार असाल, तर विकणाऱ्याला नुसता समोरून काढलेला फोटो मागू नका. पांढऱ्या पडद्यासमोर, पोलराइज्ड गॉगलमधून, स्क्रूच्या बाजूचा फोटो मागा. टाळाटाळ केली तर दुसरा गॉगल शोधा.