चिमूटभर मीठ

‘टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ हा इंग्रजी वाक्प्रचार तुम्ही ऐकला असेल. ऐकलेली गोष्ट चिमूटभर मीठ घालून घ्यावी, म्हणजे ती जशीच्या तशी खरी धरू नये.

पण मीठच का? याचं मूळ रोमन लेखक थोरल्या प्लिनीच्या, इसवी सन 77च्या सुमाराच्या ग्रंथात आहे, असं मानतात. आजच्या उत्तर तुर्कस्तानात मिथ्रिडेटीस नावाचा राजा होता. तो हरल्यावर रोमन सेनापती पॉम्पेला त्याच्या खाजगी कागदांत विषावरचा उतारा सापडला. दोन सुके अक्रोड, दोन अंजीर आणि सतापाची वीस पानं मिठाच्या एका खड्यासह कुटायची आणि अनशापोटी घ्यायची. मग त्या दिवसापुरती विषाची भीती नाही! औषधातलं हे खरंखुरं मीठ सतराव्या शतकात इंग्रजीत शिरलं, ते शंकेचं मीठ होऊन.

आपल्या मराठीत बघा. इथे मीठ घालतो सांगणारा. ‘तिखटमीठ लावून सांगितलं’ म्हणतो आपण. इंग्रजीतलं मीठ ऐकणाऱ्याच्या हातात असतं. मला वाटतं, आज आपल्याला त्या दुसऱ्या मिठाची फार गरज आहे. मोबाइलवर आलेली बातमी तिखटमीठ लावूनच येते आणि आपण ती वाचून पुरी व्हायच्या आत पुढे धाडतो.

आम्ही भाईंदरकर खाडीकाठची माणसं. ‘आगर’ म्हणजे मिठागर आणि ते पिकवणारे ते आगरी. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं आणि उन्हावर सोडायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मीठ जेमतेम 35 ग्रॅम, बाकी सगळं पाणीच. ते आटत जातं, वर पातळ पापुद्रा धरतो, मग तळाशी पांढरे खडे दिसू लागतात. तेव्हा कुठे फळी लावून मीठ ओढायचं. आगरी माणूस घाई करत नाही. घाई केली तर हाती पाणीच येतं.

कानावर आलेल्या गोष्टीलाही एवढं ऊन द्या. कोणी सांगितलं, कधीचं आहे, कुणी पाहिलं, एवढं विचारा. पाणी आटू द्या. तळाशी काही उरलं, तर तेवढंच पुढे द्या.