स्टार्टर का पडतो?



गेल्या आठवड्यात वाचनवर्ग सुटल्यावर एका बाईंनी आम्हांला विचारलं, "गुरुजी, विहिरीवरचा स्टार्टर घडीघडी पडतो. मालक म्हणतात, रिले काढून डायरेक्ट करून टाकू. करावं का?" आम्ही म्हणालो, "करू नका." पण नुसतं 'करू नका' म्हणणं ही मास्तरांची जुनी खोड. कारण सांगायला हवं. ते आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, स्वतःची मोटार जाळून शिकलो.

आधी एक गोष्ट आठवा. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार काय करतो? धाव तापवतो. तापली की ती वाढते आणि चाकावर बसते. वर पाणी ओतलं की आक्रसते आणि चाक आवळून धरते. पितळही असंच वाढतं, पण लोखंडाच्या जवळजवळ दीडपट.

आता पितळेची एक पट्टी घ्या आणि तेवढीच लोखंडाची. दोन्ही एकमेकींवर ठेवून रिव्हेट मारून पक्क्या करा आणि तापवा. पितळ जास्त लांबू पाहतं, लोखंड त्याला जाऊ देत नाही. भांडणात कोणीच जिंकत नाही, पट्टी वाकते. निवली की पुन्हा सरळ होते.

अशी जोडपट्टी प्रथम केली इंग्लंडच्या जॉन हॅरिसन याने. तो सुताराचा मुलगा आणि स्वतःही सुतारच. घड्याळाचं काम तो आपलं आपण शिकला. जहाजावरचं घड्याळ थंडी-उकाड्यानं मागंपुढं होऊ नये म्हणून त्यानं पितळ आणि पोलाद यांची पट्टी केली. ज्या घड्याळात ती बसवली, ते पुरं व्हायला एकोणीस वर्षं लागली. ते साल होतं १७५९. तेव्हा विजेची मोटार कोणी पाहिलेली नव्हती.

तीच युक्ती आज तुमच्या स्टार्टरमध्ये आहे. त्यातल्या रिलेत तीन जोडपत्त्या असतात, प्रत्येक फेजला एक. मोटारीची वीज तिथून जाते. वीज जास्त ओढली गेली की पत्ती तापते, वाकते, एका लहान दांडीला ढकलते आणि स्टार्टर पडतो. पत्ती निवायला काही मिनिटं लागतात. त्या आधी बटण कितीही दाबा, ती ऐकत नाही.

ही पत्ती जरा मंद आहे, आणि ते बरंच आहे. मोटार सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहापट वीज ओढते. पत्ती उतावळी असती तर मोटार कधी सुरूच झाली नसती. भार थोडा जास्त असेल तर ती काही मिनिटं सोसते. फार जास्त असेल तर काही सेकंदांत सोडते.

आता आमची गोष्ट. उन्हाळी कांदा पोसायला लागला होता. विजेची पाळी रात्रीची. आमचा पुतण्या मळ्यातून आला आणि म्हणाला, "तात्या, स्टार्टर चारदा पडला. रिले डायरेक्ट करू का?" आम्ही मास्तर माणूस, मुलांना विज्ञान शिकवलेलं. तरी म्हणालो, "कर बाबा, कांदा वाळतोय." दोन तासांत मोटार जळाली. रिवाइंडिंगच्या दुकानात कारागिरानं ती उघडून दाखवली. काही वेटोळी काळीठिक्कर, काही जशीच्या तशी. तो म्हणाला, "गुरुजी, एक फेज येतच नव्हती. सगळा भार बाकीच्या दोघींवर पडला." मोटार पाचव्या दिवशी परत बसली. तोवर कांद्याची पात पिवळी पडली होती. त्या वर्षी कांदा लिंबाएवढा निघाला आणि पुतण्याच्या मुलीची शाळेची फी आम्ही आमच्या पेन्शनीतून भरली. पुतण्यानं आम्हांला बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

फेज का येत नव्हती? वायरमननं स्टार्टर उघडला तर आतला एक पेच ढिला. तारेचं टोक जळून काळं झालेलं. एवढंच! पत्ती चार वेळा तेच सांगत होती.

पेच आवळणं ही सोपी गोष्ट वाटते. ढिला राहिला तर सांधा तापतो. जोरात आवळला तर आटे जातात, आणि मग तो कधीच नीट बसत नाही. किती आवळायचं हे हाताला कसं कळावं? न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यात कॉनराड बार नावाचा गृहस्थ होता. मोठ्या नळांच्या जोडावरचे बोल्ट कामगार वाजवीपेक्षा जास्त आवळायचे. म्हणून त्यानं १९१८ साली आवळण्याचा जोर दाखवणारा पाना काढला. आज ट्रॅक्टरच्या इंजिनाचं हेड बसवताना चांगला मिस्त्री असाच पाना वापरतो. त्याच्या मुठीवर आकडा लावतात. तेवढा जोर झाला की आतली स्प्रिंग सुटते, 'टक्' असा आवाज येतो आणि हाताला हलका झटका कळतो. विजेच्या पेचांसाठी असा मापाचा पेचकसही मिळतो. मात्र 'टक्' झाल्यावरही ओढत राहिलात तर हा पाना तुम्हांला अडवत नाही. तो सांगतो, ऐकायचं तुम्ही.

घराच्या पेटीतला एम. सी. बी. याहून हट्टी आहे. जर्मनीत मॅनहाइम शहरी ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्यात १९२४ साली तो निघाला. त्यात जोडपत्ती आहे आणि चुंबकाचं वेटोळंही. हळूहळू वाढलेला भार पत्ती ओळखते. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर वेटोळं त्या क्षणी खटका सोडतं. रचना उंदराच्या सापळ्यासारखी: जोर स्प्रिंगमध्ये कोंडलेला, सोडायला लहानसा धक्का पुरे. त्यात एक खुबी आहे. कोणी खटका वर धरून ठेवला, चिंधीनं बांधला, तरी आतले सांधे वेगळे होतातच. माणूस काय करील हे करणाऱ्यानं आधीच ओळखलं होतं म्हणायचं! जुन्या फ्यूजला ही सोय नाही. त्यात आपण जाड तार कोंबतो, आणि मग फ्यूजच्या आधी घरातली वायर पेटते.

एक मात्र नीट ध्यानात ठेवा. ही पत्ती मोटार वाचवते, वायर वाचवते, माणसाला शॉकपासून वाचवत नाही. माणसाचा जीव जाईल एवढी वीज पत्तीच्या हिशेबात फार थोडी. त्यासाठी गळती पकडणारा वेगळा स्विच असतो. घरी तो ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांतले तीन भाग, असा घेतात. तेव्हा स्टार्टर पडला म्हणून ओल्या हातानं झाकण उघडू नका. पेच आवळायचे ते वायरमननं, मेन स्विच पाडून आणि टेस्टर लावून.

तुम्ही करायचं ते काम वाचण्याचं आहे. मोटारीच्या पाटीवर अँपिअरचा आकडा असतो. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीवर तो साधारण सात-साडेसात असतो. साध्या, एकदम सुरू करणाऱ्या स्टार्टरमध्ये रिलेच्या चकतीवरही तोच आकडा असायला हवा. पुष्कळ ठिकाणी चकती शेवटपर्यंत फिरवून ठेवलेली असते. वायरमन आला की त्याला दोन्ही आकडे वाचून दाखवा. गेल्या वर्षी हे तुम्हांला जमलं नसतं.

त्या बाईंना आणखी एक सांगतो. परवा रात्री आमचा स्टार्टर पुन्हा पडला. पुतण्यानं एकदा बटण दाबलं, पुन्हा पडला. त्यानं मेन स्विच पाडला आणि घरी येऊन झोपला. सकाळी वायरमननं पाहिलं, खांबावरची एक तार सुटली होती. ती जोडली. दहा वाजता बारे चालू झाले.