परमुलखातील बाजारहाट : खूण चिन्हाची, ओळख शेतकऱ्याची

(जर्मनीत नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींच्या पूर्वतयारी वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांचा संबंध आजचा नाही. मुंबई आणि त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधी या दोन राज्यांत सामंजस्य करार झाला आणि अनेक तरुणांना त्या मुलखाची वाट दिसू लागली. जाणाऱ्या तरुणाला भाषा शिकविली जाते, कामाची शिस्त समजावून दिली जाते. परंतु तेथे पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्यापुढे उभा राहणारा प्रश्न अगदी साधा असतो : खायचे काय, आणि ते घ्यायचे कोठून?

बहुधा तो प्रथम आशियाई वस्तूंचे दुकान गाठतो. तेथे तूरडाळ मिळते, हळद मिळते, गोठविलेली भेंडीही मिळते. हजारो मैलांचा प्रवास करून आलेले हे जिन्नस ओळखीचे असल्यामुळे त्याला आपले वाटतात. मात्र ज्या भूमीत तो राबणार, जिचे पाणी पिणार, त्या भूमीत काय पिकते याचा त्याला पत्ताही नसतो. गावी असताना भाजी कोणाच्या मळ्यातली आणि दूध कोणाच्या गोठ्यातले हे त्याला ठाऊक असे. येथे तो सारा परिचय एकदम तुटतो. तो पुन्हा कसा जोडावा, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हिरवे पान काय सांगते?

जेथे विक्रेता अनोळखी असतो, तेथे कायद्याला ओळखीचे काम करावे लागते. 'बिओ' आणि 'ओको' हे शब्द जर्मनीत सेंद्रिय उत्पादनासाठी राखीव आहेत. वाटेल त्याला ते वेष्टनावर छापता येत नाहीत. युरोपीय समुदायाने सेंद्रिय शेतीचा पहिला नियम १९९१ मध्ये केला. गाईंच्या मेंदूरोगाच्या प्रकरणाने ग्राहक हादरून गेले असता जर्मनीने २००१ मध्ये षट्कोनी 'बिओ' चिन्ह सुरू केले. २०१० पासून युरोपीय संघातील वेष्टित सेंद्रिय मालावर ताऱ्यांनी रेखलेले हिरवे पान अनिवार्य झाले. सध्याचा सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

प्रक्रिया केलेल्या पदार्थावर हे पान असेल, तर त्यातील शेतीजन्य घटकांपैकी किमान ९५ टक्के सेंद्रिय असावे लागतात. पानाजवळ तपासणी संस्थेचा संकेतांक असतो आणि त्याखाली कच्चा माल कोठे पिकला याची एक ओळ असते. नवागताने ही ओळ अवश्य वाचावी. तेथे 'डॉइच्लांड' म्हणजे जर्मनी असे लिहिलेले असेल किंवा युरोपीय संघाबाहेरील शेतीचाही उल्लेख असेल.

याखेरीज शेतकऱ्यांच्या संघटनांची स्वतःची चिन्हे आहेत. रुडॉल्फ श्टायनर यांच्या १९२४ मधील शेतीविषयक व्याख्यानांतून उगम पावलेल्या पद्धतीचे 'डेमेटर', १९७१ मध्ये स्थापन झालेले 'बिओलांड' आणि १९८२ मधील 'नाटुरलांड' ही त्यांतील प्रमुख होत. त्यांचे नियम सरकारी नियमांपेक्षा कडक असतात.

सेंद्रिय याचा अर्थ कसलीही फवारणी नाही, असा मात्र कोणी समजू नये. द्राक्षमळ्यात व फळबागेत ताम्रयुक्त औषधे आणि गंधक यांचा मर्यादित वापर या पद्धतीतही मान्य आहे. कृत्रिम रासायनिक कीडनाशके आणि कृत्रिम नत्रखते यांना मात्र तेथे मज्जाव आहे.

जवळचे आणि सेंद्रिय : दोन निराळे प्रश्न

नवागताची सर्वांत मोठी गफलत येथेच होते. हिरवे पान दिसले की माल जवळच्याच शेतातला आहे असे त्याला वाटते. आणि फळ जवळच्या गावचे आहे असे कळले की ते सेंद्रियच असणार असे तो गृहीत धरतो. वस्तुतः हे दोन निराळे प्रश्न आहेत. कसे पिकविले, याचे उत्तर पान देते. कोठे पिकविले, याचे उत्तर अन्यत्र शोधावे लागते. हिरवे पान मिरवणारा घेवडा दुसऱ्या खंडातून आलेला असू शकतो, आणि शेजारच्या गावचे सफरचंद नेहमीची रासायनिक फवारणी घेतलेले असू शकते.

'आमच्या प्रदेशातून' या शब्दांना तर 'बिओ' या शब्दासारखे कायद्याचे सर्वंकष संरक्षणही नाही. किती अंतरापर्यंतचा माल 'प्रदेशातला' म्हणावा, याची एकच ठरीव व्याख्या नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१४ पासून 'रेगिओनालफेन्स्टर', म्हणजे प्रदेशाची खिडकी, या नावाची निळी-पांढरी चौकट वापरात आली. मुख्य घटक कोणत्या भागातून आला आणि त्यावर प्रक्रिया कोठे झाली, हे तीत नमूद असते. चौकट ऐच्छिक आहे. पण ती घेणाऱ्याला तपासणीस सामोरे जावे लागते. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याने याच्याही पुढे जाऊन आपले स्वतंत्र 'बिओ' चिन्ह ठेवले आहे. ते दिसले, की माल सेंद्रिय आणि त्या राज्यातला अशी दोन्ही उत्तरे एकत्र मिळतात.

या दोन प्रश्नांचा सर्वांत सोपा धडा अंड्यावर छापलेला आढळतो. कवचावरील शिक्क्यातील पहिला अंक कोंबडी कशी पाळली ते सांगतो. शून्य म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्या आवारात फिरणारी, २ म्हणजे बंदिस्त जागेत जमिनीवर ठेवलेली आणि ३ म्हणजे पिंजऱ्यातली. त्यापुढील डी आणि ई ही दोन रोमन अक्षरे जर्मनी दर्शवितात. त्यानंतरचे दोन अंक राज्याचे असतात. ०८ म्हणजे बाडेन-वुर्टेंबर्ग. जर्मन भाषेचा एक शब्दही न येणाऱ्या माणसाला एवढ्याशा शिक्क्यावरून पद्धत आणि प्रदेश दोन्ही कळतात.

आठवडे बाजारातील पाटी

चिन्हांची ओळख झाली की नवागताने बाजारात जावे. स्टुटगार्टच्या मध्यवर्ती चौकात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी बाजार भरतो. फ्रायबुर्ग येथे मोठ्या चर्चभोवती रविवार वगळता रोज बाजार असतो. त्याची रचना मोठी बोधप्रद आहे. चर्चच्या उत्तरेला त्या भागातील शेतकरी आपला माल मांडतात, तर दक्षिणेला व्यापारी बसतात. कोणी पिकविले आणि कोणी विकत आणून विकले, हा भेद बाजाराच्या मांडणीतच दिसतो.

इतर गावी तो पाटीवरून ओळखावा लागतो. 'आउस आयगेनेम आनबाउ', म्हणजे 'स्वतःच्या शेतातील', हे शब्द नवागताने पाठ करून ठेवावेत. एकाच दुकानात काही भाज्यांवर ही पाटी असते, काहींवर नसते. ज्यांवर नसते त्या घाऊक बाजारातून आणलेल्या असण्याचा संभव असतो. त्याबाबत विचारणे तेथे मुळीच असभ्य समजले जात नाही. उलट, मोडक्यातोडक्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाने संभाषणाला प्रारंभ होतो, आणि भाषेच्या वर्गात न मिळणारा सराव भाजीच्या दुकानात घडतो.

गावाबाहेर शेतावरच्या विक्रीची दुकाने असतात. कित्येक ठिकाणी विक्रेताही नसतो. फळीवर बटाटे, भोपळे किंवा फुले ठेवलेली असतात, बाजूला पैशांची पेटी असते आणि घेणाऱ्याने मोजून पैसे टाकायचे असतात. निरसे दूध शेतकरी थेट विकतो, तेथे 'प्राशनापूर्वी उकळावे' अशी सूचना लावणे कायद्याने बंधनकारक आहे. दूध तापविल्याशिवाय ज्या घरात चहाही होत नाही, त्या घरातून आलेल्या मराठी माणसाला या सूचनेचे नवल वाटणार नाही!

हरवलेल्या मसुरीची कहाणी

स्टुटगार्टच्या दक्षिणेस श्वेबियन आल्ब नावाचा चुनखडीचा डोंगराळ पट्टा आहे. माती उथळ आणि खडकाळ, हवा थंड. अशा जमिनीत पूर्वी मसूर होत असे. मसूर आणि श्पेट्सले नावाच्या घरगुती शेवया हे तेथील लोकांचे आवडते अन्न. परंतु मसुरीचे उत्पन्न बेभरवशाचे आणि मेहनत फार. स्वस्त आयात माल येऊ लागला तशी शेतकऱ्यांनी तिची पेर सोडली, आणि १९५० नंतरच्या काळात हे पीक त्या भागातून नाहीसे झाले. पक्वान्न ताटात राहिले. मसूर मात्र परदेशाहून येऊ लागली.

१९८० नंतरच्या दशकात लाउटराख गावचे सेंद्रिय शेतकरी वोल्डेमार मामेल यांनी मसूर पुन्हा पेरली. प्रारंभी परकीय वाण वापरावे लागले. कारण आल्बचे मूळ वाण कोणाकडेच उरले नव्हते. शोध चालू राहिला. अखेर २००६ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील वाविलोव्ह संस्थेच्या बीजसंग्रहात ते दोन वाण सापडले. ही संस्था सामान्य नव्हे. दुसऱ्या महायुद्धात त्या शहराला वेढा पडला असता तेथील कित्येक कर्मचारी उपासमारीने मृत्यू पावले, परंतु हाताशी असलेल्या बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. त्या संग्रहातून आलेल्या मूठभर दाण्यांपासून आल्बवर पुन्हा बियाणे वाढविण्यात आले. आज तेथील शेतकरी 'आल्ब-लाइजा' या नावाने ही मसूर विकतात. 'लाइजा' हा तेथील बोलीतला मसुरीचा शब्द होय.

मसुरीचा वेल दुबळा असल्याने त्याला आधार म्हणून सातू किंवा ओट बरोबरीने पेरतात. दोन्ही पिके एकत्र कापतात आणि मग दाणे चाळून वेगळे करतात. मिश्रपिकाची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही रीत परकी वाटू नये. सांगली-कोल्हापूरकडचा अख्खा मसूर ज्याने खाल्ला आहे, त्याने आल्बवरची मसूर त्याच फोडणीत टाकून पाहावी. त्या पिशवीचे मोल त्याने मोजले, की एका डोंगराळ भागातील शेतकऱ्याला पुढच्या वर्षी पेर करण्याचे कारण मिळते.

परक्या नावाखाली ओळखीचे जिन्नस

असे आणखी कितीतरी जिन्नस परके नाव घेऊन फळीवर बसलेले असतात. 'क्वार्क' हा आपल्या चक्क्याचा जवळचा आप्त. त्याचे पाणी नीट निथळू दिले तर श्रीखंड साधते. 'बुटरश्माल्त्स' म्हणजे एक प्रकारचे तूपच. 'डिल' ही शेपू, आणि 'कोलराबी' हा नवलकोल. 'एमर' नावाचे जे जुने धान्य सेंद्रिय दुकानांतून मिळते, ते म्हणजे आपला खपली गहू. पोळीसाठी पीठ घेताना वेष्टनावरील अंक पाहावा. ४०५ म्हणजे मैद्यासारखे पांढरे पीठ. १०५० मध्ये कोंड्याचा अंश अधिक असतो. दीर्घ प्रवास करून आलेल्या कणकेवाचून पोळी अडत नाही, हे मग उमजते.

आता खर्चाचा विचार. सेंद्रिय माल सामान्यतः महाग असतो, आणि पहिल्या वर्षी घरी पैसे पाठविणाऱ्या तरुणाला तो सर्वच्या सर्व घेणे परवडणारे नाही. त्याने संकोच करू नये. हंगामातील भाजी घ्यावी. हिवाळ्यात कोबी, गाजर, बीट आणि भोपळा यांवर भर द्यावा. शतावरीचा हंगाम परंपरेने २४ जूनला संपतो. त्यानंतर तिचा हव्यास धरू नये. मोठ्या साखळी दुकानांतही हिरव्या पानाचा माल तुलनेने स्वस्त मिळतो. शिवाय 'सोलावी' नावाची एक सहकारी रीत आहे. काही कुटुंबे मिळून एखाद्या शेताचा वर्षाचा खर्च वाटून घेतात आणि जे पिकेल ते वाटून नेतात. पीक बुडाले तर तोटाही सर्वांचा. सहकाराच्या भूमीतून गेलेल्या माणसाला त्याचे मर्म सांगावे लागणार नाही.

परतीच्या शिदोरीत काय असावे?

बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याने २०३० पर्यंत ३० ते ४० टक्के शेती सेंद्रिय करण्याचे उद्दिष्ट २०२० मध्ये कायद्यात घातले. हे सारे ज्ञान पश्चिमेचेच आहे असे मात्र नव्हे. सेंद्रिय शेतीच्या प्रवर्तकांत गणले जाणारे आल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी पद्धत जगापुढे मांडली, ती १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात सिद्ध झाली आणि 'इंदूर पद्धत' याच नावाने ओळखली गेली. भारतातील शेतकऱ्यांच्या रीतींपासून आपण शिकलो, असे ते मानीत.

उणीव आहे ती विश्वासाच्या व्यवस्थेची. आपल्याकडे २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे. शेतकऱ्यांच्या गटांनी परस्परांची शेते तपासण्याची सहभाग हमी पद्धत आहे, आणि सेंद्रिय मालासाठी चिन्हही आहे. संत सावता माळी यांच्या नावाने राज्यात शेतकरी आठवडे बाजारही सुरू झाले. तरीही 'सेंद्रिय' ही अक्षरे हाताने रंगविलेली पाटी आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसते, आणि ती खरी की खोटी हे विचारण्याची सवय ग्राहकाला नाही. यात नुकसान होते ते प्रामाणिक शेतकऱ्याचे. त्याचे कष्ट आणि दुसऱ्याचा रंगविलेला फळा यांची किंमत बाजारात एकच ठरते.

परदेशी गेलेल्या तरुणाने तेथे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : हे कोठे पिकले, आणि कसे पिकविले? सुटीत गावी आल्यावर तेच प्रश्न त्याने आपल्या आठवडे बाजारात, आपल्याच भाषेत विचारावेत. विचारणारे ग्राहक वाढले, म्हणजे उत्तर देता येईल अशी शेती करणाऱ्याला त्याचे योग्य मोल मिळू लागेल. प्रवासाला निघणाऱ्या सर्वांना शुभेच्छा.