अक्षरांच्या आधीचे शिक्षण



आपल्या शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी हयातभर महाविद्यालयात मराठी शिकवली. माझ्यासमोर बसणारा विद्यार्थी अठरा-वीस वर्षांचा असे. असा मनुष्य तीन वर्षांच्या मुलांविषयी कोणत्या अधिकाराने बोलणार, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती रास्तच आहे. परंतु भाषेचा अभ्यास करणाऱ्याला कधीतरी माणसाच्या पहिल्या वाक्यापर्यंत मागे जावेच लागते. शिवाय किला गेटच्या या वस्तीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी वर्ग काढण्याचा आपला विचार चालू आहे, असे कळले. तो वर्ग कसा असावा, याविषयी चार गोष्टी निवेदन कराव्यात, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. फ्रीड्रिक फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८४० साली आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले. आपण मराठीत ‘बालवाडी’ म्हणतो. वाडी म्हणजे केळी-नारळींची बाग, हे खरेच. पण वाडी म्हणजे दहा-वीस घरांची वस्तीसुद्धा. बागेत रोपटी असतात आणि माळी असतो. वस्तीत शेजारी असतात, देवघेव असते, रुसवेफुगवे असतात. बालवाडीत मूल वाढते ते या दुसऱ्या अर्थानेही. ते प्रथमच आपल्या घराबाहेरच्या माणसांच्या वस्तीत राहायला येते.

मराठीत या विचाराला ज्यांनी आकार दिला त्या ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. तेथे ताराबाईंनी त्यांच्याबरोबर काम केले आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरीबाईंची पद्धती त्यांनी अभ्यासली, पण त्यातील महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू झाल्यावर शंखशिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. तेथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मुलगी येत नाही, असे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकत्र आणले गेले. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून पुढे आला आणि १९७५ साली केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेबरोबर तो देशभर पोहोचला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, या कामात वस्तीचा सहभाग गृहीत धरलेला होता. अंगण कोणाच्या तरी घराचे असते. त्या घराची संमती आणि शेजाऱ्यांचा हात लागल्याशिवाय तेथे वर्ग भरत नाही. इतर देशांतही पालकांनी हे केले आहे. शिकागो विद्यापीठातील प्राध्यापकांच्या पत्नींनी १९१६ साली आळीपाळीने मुले सांभाळून सहकारी शिशुशाळा चालवली. न्यूझीलंडमध्ये १९४१ साली सुरू झालेली ‘प्लेसेंटर’ ही चळवळ आजही पालकच चालवतात, आणि त्यासाठी स्वतः प्रशिक्षण घेतात.

अशा सहकारी बालवाडीत मूल काय शिकते? तांब्यातले पाणी न सांडता पेल्यात ओतायला शिकते. चिंचोके, हरभरे आणि राजमा वेगळे करायला शिकते. यात बोटांना वळण लागते, आणि सारखे व निराळे हा गणिताचा पहिला पाठ होतो. झोका एकच आणि मुले आठ असली की आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकते. हे थांबणे सोपे नव्हे. मोठ्यांच्या रांगा पाहिल्या म्हणजे ते कळते. दुसऱ्याच्या आईच्या हातून नाक पुसून घेणे, दुसऱ्याच्या डब्यातली वेगळ्या चवीची भाजी खाणे, भांडण झाल्यावर मारण्याऐवजी ‘ते माझं आहे’ असे वाक्य बोलणे, हाही अभ्यासक्रमच आहे. आणि आपली आई मंगळवारी सर्वांची मावशी होते, ही गोष्ट त्याला प्रथम सहन होत नाही, मग आवडू लागते. आईवर आपला एकट्याचा हक्क नाही, हे कळण्याइतके मोठे शिक्षण त्या वयात दुसरे कोणते असेल?

आता भाषेविषयी. ग्वाल्हेरीच्या मराठी घरांत मूल दोन भाषांच्या संगमावर वाढते. येथील एका घरी एक चिमुरडी म्हणाली, ‘पाणी गिरलं.’ वडीलधारे हसले, आणि ‘सांडलं म्हणावं’ असे त्यांनी तिला बजावले. मी मात्र चकित झालो. धातू हिंदीचा, पण त्याला तिने मराठीचा ‘लं’ हा नपुंसकलिंगी प्रत्यय लावला होता. हिंदीत नपुंसकलिंग नाही. म्हणजे तीन वर्षांच्या त्या मुलीला कोणी न शिकवता मराठीची त्रिलिंगी व्यवस्था अवगत झाली होती! उणीव होती ती एका शब्दाची, आणि शब्द ऐकूनच येतो. बालवाडीत मराठी घरातल्या आजीने मराठीत गोष्ट सांगावी, शेजारच्या घरातल्या अम्मांनी हिंदीत सांगावी. मुलाचा गोंधळ होत नाही. कोणाशी कोणती भाषा बोलायची, हे ते आपल्याआधी ओळखते.

याउलट आज काय घडते? हजीऱ्याजवळ तानसेनाच्या समाधीपाशी असलेल्या चिंचेचे पान चघळले की गळा गोड होतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल दिली की ते विद्वान होते, ही समजूत तिचीच धाकटी बहीण आहे. गाणे रियाजाने येते. लेखनाचा रियाज म्हणजे माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे आणि पुष्कळ बोलणे. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ सालीच शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी परीक्षा व मुलाखती बंद कराव्यात आणि एवढ्या लहान मुलांवर लेखन-वाचन-अंकांचा भार घालू नये, असे सुचवले. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची व पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळाला मध्यवर्ती स्थान दिले. कागदावर सारे आले आहे. ते वर्गात येणे मात्र संस्थाचालक आणि पालक यांच्या हाती आहे.

सहकारी बालवाडीच्या अडचणी मी जाणतो. पाळी ठरते आणि ऐन वेळी कोणी येत नाही. नोकरी करणाऱ्या आईला सकाळ मोकळी नसते, आणि ‘पालक’ म्हटले की आईच, असे वडील समजून चालतात. हातावर पोट असलेल्या घराने पाळी कशी द्यावी? त्या घराला पाळीची सक्ती असू नये; सुटीच्या दिवशी एखादा पाट दुरुस्त करून दिला, तरी तो वाटा पूर्ण मानावा. हे जमले नाही तर सहकाराच्या नावाखाली मोजक्या सुखवस्तू घरांचे मंडळ तयार होईल आणि ज्या मुलांसाठी कोसबादला शाळा अंगणात गेली, तीच मुले येथे दाराबाहेर राहतील. मला सर्वांत मोठा धोका हाच वाटतो.

म्हणून संस्थेपुढे माझी नम्र सूचना अशी आहे: एक प्रशिक्षित शिक्षिका योग्य वेतनावर नेमावी, तिच्या सोबतीला रोज दोन पालकांची पाळी असावी, त्यांत वडील आणि आजोबाही असावेत. प्रवेशाला मुलाखत नसावी. पहिल्या वर्षी पाटी-पेन्सिल नसावी. महिन्यातून एकदा मुलांना गुजरी महालाच्या संग्रहालयात न्यावे. तेथील दगडी हत्ती-घोडे पाहून ती जे बोलतील ते शिक्षिकेने लिहून ठेवावे. वर्षअखेर त्या वहीचे वाचन पालकांपुढे करावे. मुलाचे प्रगतिपुस्तक तेच.

या कामात माझी पाळी कोणत्या वारी, तेवढे कळवावे.