भरतीच्या पोरांचा पावडरचा डबा

गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची कारणं ठरलेली असतात. बियाणं, फी, आजारपण. हल्ली आमच्या गटांमध्ये त्यात आणखी एक कारण आलंय, "पोराला पावडर घ्यायचीय." पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय आणि त्याला क्रिएटिन हवंय. दुकानदार चार डबे पुढे ठेवतो आणि महागाचा तो चांगला म्हणतो. म्हणून आज या डब्यांविषयीच बोलू.

क्रिएटिन म्हणजे स्टेरॉइड नव्हे, प्रोटीनही नव्हे. आपलं शरीर ते स्वतः बनवतं, मटण-मासळीतूनही मिळतं. माळकरी घरातल्या पोराच्या अंगात त्याचा साठा थोडा कमी असतो, एवढंच. काही सेकंद जोर लावायच्या कामाला ते उपयोगी पडतं. म्हणजे गोळाफेक आणि 100 मीटरला मदत होऊ शकते. मुलांच्या 1600 किंवा मुलींच्या 800 मीटरला फारशी नाही. उलट स्नायूंत पाणी धरल्यानं वजन किलो-दोन किलो वाढू शकतं, आणि ते घेऊनच पळावं लागतं.

आता डब्यांवरची नावं. साधं ते मोनोहायड्रेट. सर्वांत जास्त अभ्यास याचाच झालाय आणि बहुधा स्वस्तही हेच असतं. मायक्रोनाइज्ड लिहिलं असेल तर तेच, फक्त बारीक दळलेलं. हायड्रोक्लोराइड पाण्यात लवकर विरघळतं हे खरं, पण त्यानं ताकद जास्त वाढते असं सिद्ध झालेलं नाही. साखरही गरम चहात लवकर विरघळते, म्हणून गोडी वाढत नाही! बफर्ड नावाचा महाग प्रकार तपासणीत मोनोहायड्रेटपेक्षा सरस ठरला नाही. इथाइल एस्टर तर कमीच पडलं, कारण त्यातलं बरंचसं क्रिएटिनिन होऊन वाया जातं. बाटलीतलं पातळ क्रिएटिनही घेऊ नका, पाण्यात राहून ते हळूहळू बिघडतं.

हिशेब आपल्याला येतोच. दिवसाला 3 ग्रॅम पुरतात. 250 ग्रॅमचा डबा 83 दिवस जातो. सुरुवातीला आठवडाभर रोज 20 ग्रॅम घ्यायला सांगतात, त्यानं साठा लवकर भरतो, पण ते गरजेचं नाही. डबा मात्र लवकर संपतो. रोज 3 ग्रॅम घेऊनही महिन्याभरात साठा भरतो. आणि डाळ, अंडी, दूध कमी करून पावडर आणत असाल, तर तो व्यवहार तोट्याचा.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे घेऊ नये. 18 वर्षांखालच्या पोरांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्त तपासायचं झालं तर क्रिएटिन चालू असल्याचं आधी सांगावं, कारण त्यामुळे क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला दिसू शकतो आणि घरात उगाच घबराट होते.

सुटी पुडी घेऊ नका. डब्यावर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख बघा. पुढच्या बैठकीत कोणी या कारणासाठी कर्ज मागितलं, तर आधी डब्याचा फोटो मागवा आणि नावाखालची बारीक अक्षरं सगळ्यांनी मिळून वाचा.