मगरीचे भाऊबंद

मगर म्हणजे कोट्यवधी वर्षांत तसूभरही न बदललेला प्राणी, असे आपण शिकलो आणि मुलांनाही शिकवतो. मिळालेल्या मिनिटांत मला या एकाच वाक्याशी भांडायचे आहे.

मादागास्करच्या वायव्येला बेरिवोत्रा गाव आहे. त्या परिसरातल्या खडकांत एक सांगाडा सापडला आणि 2000 साली त्याचे बारसे झाले: सिमोसुकस क्लार्की. काळ सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वीचा. लांबी शेपटीसकट जेमतेम पाऊण मीटर. आता कृष्णाकाठची मगर डोळ्यांपुढे आणा आणि हिशेब मांडा. मगरीचे तोंड लांब, याचे आखूड, रुंद आणि पुढून बोथट. पाण्यात बुडून दबा धरता यावा म्हणून मगरीचे डोळे आणि नाकपुड्या वरच्या बाजूला असतात. याचे डोळे कडेला आणि नाकपुड्या थेट समोर. पोहायला लागते तशी दणकट शेपटीही नाही, अगदीच तोकडी. पाठीवर, पोटावर, इतकेच काय पायांवरही हाडांच्या तुकड्यांचे चिलखत. आणि दात? मगरीचे दात भक्ष्य पकडून ठेवायचे. याच्या दाताचा माथा पसरट आणि त्याच्या कडेवर ओळीने बारीक टोके. हा जमिनीवर फिरणारा गडी बहुधा पाला खात असावा.

मग याला मगरीच्या कुळात बसवायचे कशाला? नुसते दात हाती लागले असते तर चिलखती डायनोसॉरचे वाटले असते. पण आहार बदलला की दात बदलतात. कूळ ओळखायचे तर सगळा सांगाडा पाहावा लागतो. कवटीचा सपाट माथा पाहावा, मनगट पाहावे. मनगटातली दोन हाडे लांबट असणे ही या कुळाची जुनी खूण आहे. एका दातावरून जात ठरवू नका, एवढेच माझे सांगणे.

आपल्याकडचा जुना वाडा घ्या. एकेकाळी प्रत्येक खणात वेगळी चूल, वेगळा धंदा. पुढे एकेक खण पडला आणि नदीकडचा तेवढा उरला. आज रस्त्यावरून जाणारा म्हणतो, या घराण्यात सगळे कोळीच! अहो, शेजारच्या खणात ब्राझीलचा बाउरुसुकस होता, जमिनीवर शिकार करणारा. टांझानियाचा पाकासुकस होता, मांजराएवढा आणि सस्तन प्राण्यांसारख्या दाढांचा. सिमोसुकस याच फळीतला. या फळीला नोटोसुकिया म्हणतात. आजच्या मगरीचा हा आजोबा नव्हे, चुलत घराण्यातला. पुन्हा सांगतो, आजोबा नव्हे! ही वाटणी सिमोसुकसच्या कितीतरी आधी, जुरासिक काळातच झाली होती.

आणि नदीकडच्या खणातली मंडळी तरी होती तशीच राहिली का? मगरीच्या नाकाची आतली वाट आज पार घशाशी उघडते. म्हणून तोंडात पाणी असतानाही तिला श्वास घेता येतो. जुन्या मंडळींत ही वाट बरीच अलीकडे उघडत असे. म्हणजे तिनेही घराची डागडुजी केलीच की.

तामिळनाडूत कल्लमेडूच्या थरांत सिमोसुकससारखे दात मिळाले आहेत. भारत आणि मादागास्कर तर त्याआधीच, सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी, वेगळे झाले होते. मग दोन्हीकडे हे भाऊबंद कसे? वाटणीच्या आधीपासून राहत होते, की मधे एखादी जमीन... पण इथे मला थांबण्याची खूण होते आहे. तेव्हा जाता जाता एवढेच: मुलांनी मगरीबद्दल विचारले, तर 'बदललीच नाही' म्हणून मोकळे होऊ नका. उरलेल्या एका खणावरून सगळ्या वाड्याची गोष्ट सांगू नका.