सैनिकाच्या पाठीचे दुखणे आणि त्याचा न्याय

फौजेत भरती होणाऱ्या तरुणाला प्रथम डॉक्टरापुढे उभे राहावे लागते. छाती मोजतात, डोळे तपासतात, कणा सरळ आहे की नाही ते पाहतात. दोष आढळला तर त्याला तेथूनच परत पाठवितात. न आढळला तर कागदावर ‘पात्र’ असा शेरा पडतो. निर्गुडेच्या काठच्या वणी गावातील एखादा मुलगा हा शेरा घेऊन घर सोडतो. सतरा-अठरा वर्षांनी तो परततो, तेव्हा त्याच कण्याविषयी कधी कधी दुसराच शेरा सोबत असतो : ‘लष्करी सेवेशी संबंध नाही.’ या दोन शेऱ्यांच्या दरम्यान जी वर्षे गेली, त्यांचा जबाब कोणी द्यावयाचा, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम दुखणे समजून घ्यावयास हवे. पाठीच्या दोन मणक्यांमध्ये कूर्चेची एक लवचिक चकती असते. गादीप्रमाणे ती धक्के सोसते. वर्षानुवर्षे ओझे वाहून आणि हादरे बसून ती झिजते, कधी बाहेर सरकते आणि शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूला दाबते. मग कळ कमरेतून निघून मांडीमागून पोटरीपर्यंत उतरते. आपले जुने वैद्य हिलाच गृध्रसी म्हणत. तंतू फार काळ दबून राहिला तर पाय बधिर होतो, पाऊल नीट उचलत नाही. असा मनुष्य ना शेतात वाकू शकतो, ना कोळशाच्या खाणीवर पहारेकऱ्याची आठ तासांची पाळी उभ्याने करू शकतो. आणि वणीच्या परिसरात निवृत्त शिपायापुढे उदरनिर्वाहाचे मार्ग बहुधा असेच असतात.

अडचण अशी की, गोळीच्या जखमेला तारीख असते, झिजलेल्या चकतीला ती नसते. तशी चकती गादीवर बसून धंदा करणाऱ्या व्यापाऱ्याचीही झिजते. म्हणून वैद्यकीय मंडळ पुष्कळदा हा विकार वयोमानाचा किंवा शरीरप्रकृतीचा ठरविते. मंडळाचे म्हणणे सर्वस्वी खोटे असते असे नव्हे. वय कोणालाच चुकलेले नाही. परंतु कायदा केवळ एवढेच विचारीत नाही. विकार सेवेमुळे उद्भवला काय, या प्रश्नाबरोबरच तो सेवेमुळे वाढला काय, हाही प्रश्न त्याने घातला आहे. पाठीच्या दुखण्यात हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा होय.

लष्कराच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार अपंगत्व सेवेमुळे आलेले किंवा वाढलेले असावे आणि ते किमान २० टक्के भरावे लागे. १९८२ च्या नियमांनी शिपायाच्या बाजूने आणखी एक मोठी गोष्ट मान्य केली : भरतीच्या वेळी दोषाची नोंद नसेल तर तो निरोगी होता असे गृहीत धरावयाचे आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यावयाचा. हे नियम कागदावर असूनही दावे फेटाळले जात. सिग्नल्स दलातील धरमवीर सिंग १९८५ साली भरती झाले आणि १९९४ साली झटक्यांच्या विकारामुळे सेवेतून कमी झाले. अपंगत्व २० टक्के ठरले, पण सेवेशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारले गेले. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी नोंद नसलेला रोग सेवेत उद्भवला असता, त्याचा सेवेशी संबंध का नाही याची कारणे मंडळाने दिली पाहिजेत, नुसते मत पुरत नाही, असे तत्त्व त्यातून निघाले. तो विकार मेंदूचा होता. परंतु तत्त्व कण्यालाही तितकेच लागू पडते.

आता पैशाचा हिशेब. शंभर टक्के अपंगत्वासाठी अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. त्या मानाने २० टक्क्यांसाठी केवळ ६ टक्के. परंतु ५० पेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के धरण्याची सवलत आहे. ती प्रथम वैद्यकीय कारणाने मुदतीपूर्वी कमी केलेल्यांनाच होती. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने ती सेवेची मुदत पुरी करणाऱ्यांनाही मिळाली. म्हणजे ६ च्या जागी १५ टक्के झाले. २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना नवे नियम आहेत. हा हिशेब त्यापूर्वीच्यांचा.

दावा फेटाळला गेला तर सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करावयाचे, त्यानंतर दुसरे, आणि तेथेही यश न आले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जावयाचे. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने स्थापन झाले असून महाराष्ट्राचे पीठ मुंबईस आहे. महार रेजिमेंटच्या शिपायाचे कागद सागरला, पेन्शनचा हिशेब प्रयागराजला आणि न्याय मुंबईला! पाठ धरलेल्या मनुष्याने वणीहून कोठकोठे जावे? तो थकतो आणि गप्प बसतो. पण गप्प बसणे महाग पडते. तरसेम सिंग १९८३ साली सेवेतून कमी झाले आणि १९९९ साली न्यायालयात गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मानला, पण थकबाकी अर्जापूर्वीच्या तीनच वर्षांची दिली. बाकीची वर्षे बुडाली. शिवाय २००८ च्या नियमांनुसार सेवा संपून पंधरा वर्षे उलटल्यावर दावा केला आणि तोवर जुने कागद नष्ट झालेले असले, तर पुराव्याचे ओझे शिपायाच्याच पाठीवर येते.

येथेच सुशिक्षित कुटुंबांना थोडे करता येण्यासारखे आहे. वैद्यकीय मंडळाचा अहवाल इंग्रजीत असतो आणि कित्येक शिपायांनी तो कधी नीट वाचलेलाही नसतो. शेजारच्या निवृत्त हवालदाराला तो मराठीत समजावून सांगावा. कारणे दिली आहेत की नुसता शेरा मारला आहे, ते पाहावे. भरतीची तपासणी, सेवेतील उपचार, बर्फाळ किंवा डोंगरी ठाण्यांवरील नेमणुका, यांचे कागद एकत्र लावून द्यावेत आणि यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत त्याच्याबरोबर जावे. यात दया नाही आणि उपकारही नाही. देशाने एक सरळ कणा तपासून घेतला होता. तो वाकून परत आला असेल तर का वाकला, हे देशानेच सांगितले पाहिजे. तो प्रश्न वेळेवर आणि लेखी विचारला जावा, एवढेच या साहाय्याचे प्रयोजन.